कॉम्प्युटर म्हणाला, बुडबुडे

डिसेंबरात एकदा पहाटेच मिरकरवाडा बंदरावरून ओळखीच्या तांडेलांचा, म्हणजे नावेच्या प्रमुखांचा, फोन आला. "मॅडम, रात्री जाळं ओढताना पाण्यात निळा उजेड फुटत होता. आता उजाडल्यावर बघतोय तर पाणी सोलकढीच्या रंगाचं. जाळं टाकू की नको, तेवढं सांगा."

आम्ही रत्नागिरीत प्लवकांवर, म्हणजे समुद्राच्या पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म जीवांवर, काम करतो. निळा उजेड आणि गुलाबी पाणी म्हटल्यावर अंदाज आलाच होता, पण नमुना बघितल्याशिवाय कोळ्यांना काही सांगायचं नाही, हे मी कटाक्षाने पाळते. त्यांचा दिवसाचा डिझेलचा खर्च त्या एका वाक्यावर ठरतो.

पाणी आणलं, जिवंत असतानाच काचेच्या मोजणीपट्टीत घेतलं. या पट्टीत बरोबर एक मिलिलिटर पाणी मावतं आणि तिच्यावर हजार चौकोन आखलेले असतात. सूक्ष्मदर्शकावरचा कॅमेरा एकेक चौकोन टिपत जातो, प्रोग्राम त्यातला प्रत्येक कण वेगळा कापून त्याला नाव देतो आणि किती खात्री आहे तेही सांगतो. हाताने मोजायला सकाळ जाते, ते काम चहा होईपर्यंत उरकतं.

यादी आली. थोडे कॉसिनोडिस्कस, कीटोसेरॉसच्या काही साखळ्या (दोन्ही डायटम, म्हणजे काचेसारख्या कवचाची सूक्ष्म शैवालं), आणि बाकी जवळजवळ सगळं 'हवेचा बुडबुडा'. खात्री नव्वद टक्क्यांच्या वर.

मी भिंगाला डोळा लावला. पारदर्शक, टपोरे, गोल जीव पट्टीभर तरंगत होते. बुडबुड्याची कडा सगळीकडून सारखी जाड आणि काळी दिसते, आत काहीच नसतं. इथे कडा बारीक होती, एका बाजूला खाच होती, खाचेतून सोंडेसारखं एक शुंडक हळूहळू वळत होतं आणि तिथूनच पेशीद्रव्याचे धागे आत पसरले होते. एकीच्या पोटात तर गिळलेला डायटम स्पष्ट दिसत होता. नॉक्टिल्युका! रात्रीचा निळा उजेड आणि पाण्याचा तो रंग हिचाच. अर्धा-पाऊण मिलिमीटरची एक पेशी, नुसत्या डोळ्यांनाही ठिपक्यासारखी दिसते.

नावं देणारं प्रोग्राममधलं मॉडेल तिला बुडबुडा का म्हणालं, ते उघड होतं. त्याचं मूळ शिक्षण अमेरिकेतल्या वुड्स होल संस्थेने खुल्या केलेल्या लाखो फोटोंवर झालेलं. ते टिपणारं यंत्र साधारण दीडशे मायक्रॉनपर्यंतचे, म्हणजे 0.15 मिलिमीटरपर्यंतचे, कण बघतं. नॉक्टिल्युका त्याहून कितीतरी मोठी. वर आम्ही आमच्या पट्टीतले गाळ, वाळू, बुडबुडे असे गट जोडलेले. शिकवलेल्या गटांपैकी एक निवडायचा, एवढंच मॉडेलला येतं. 'हे मला ठाऊक नाही' म्हणायची सोय त्यात मुद्दाम करावी लागते.

तांडेलांना कळवलं: ही विषारी नाही, पण तिच्यात अमोनिया साठतो, दाटी झाली की मासे तिथून निघून जातात, आणि ती मरून कुजायला लागली की पाण्यातला प्राणवायू घटतो. तांबूस पट्टा टाळा, बाहेर जा.

मग माणसाने बघितलं की प्रश्न मिटला का? तसंही नाही, आणि हे आमच्या क्षेत्रात पुरेसं बोललं जात नाही. 2003 साली फिल कल्व्हरहाउस या संशोधकाने आणि सहकाऱ्यांनी डायनोफ्लॅजेलेट (नॉक्टिल्युका ज्यांतली, तो एकपेशीय प्लवकांचा गट) ओळखणाऱ्या जाणकारांची परीक्षा घेतली. तेच फोटो पुन्हा दाखवल्यावर स्वतःच्याच आधीच्या उत्तराशी माणसं 67 ते 83 टक्केच जुळली; एकमेकांशी एकमत तर 43 टक्के. अशा माणसांनी लावलेल्या नावांवरच मॉडेल शिकतं. म्हणून आमच्याकडे आता प्रत्येक फोटोला दोघं जण, एकमेकांचं न बघता, नाव देतात. जुळलं नाही तर तो फोटो 'संशयित' गटात जातो आणि तसाच ठेवला जातो. कोणाच्या ज्येष्ठतेवर निकाल लागत नाही.

त्या दिवशीच्या नॉक्टिल्युका आता मॉडेलमध्ये स्वतंत्र गट म्हणून आहेत, जिवंत वेगळ्या आणि लुगॉल आयोडीनमध्ये (नमुना टिकवायच्या द्रावणात) ठेवून आक्रसलेल्या वेगळ्या, कारण दोन्हींचं रूप फार बदलतं. सध्या आमचा जोर डायनोफिसिस या विषारी डायनोफ्लॅजेलेटवर आहे. काही देशांत लिटरमागे शंभर पेशी दिसल्या तरी शिंपल्यांबाबत सावध होतात, कारण तिचं विष शिंपल्यांत साठतं आणि शिजवूनही जात नाही. आपल्याकडे तिसऱ्या आणि कालवं घरोघरी खाल्ली जातात. तिचे फोटो मिळतात थोडे आणि संशयित गटात जातात जास्त. तेवढ्यासाठी दर आठवड्याला भाट्याच्या खाडीचं पाणी आणणं चालू आहे.