हातमोज्यांआडचं प्रेम

आज सुट्टी होती, भाचीने दिलेली रीजन्सी काळातली किशोर प्रेमकथा एका बैठकीत वाचून काढली. १८११ ते १८२० चं इंग्लंड, नायिका जेमतेम सतरा वर्षांची. नाचाच्या समारंभात एकाच तरुणाबरोबर दोनपेक्षा जास्त वेळा नाचलं की चर्चा सुरू! हातात मोजे, चहूबाजूंनी आयाबायांच्या नजरा, आणि मोकळेपणाने बोलायला मिळतो तो तेवढाच वेळ. म्हणून एकेक वाक्य तोलून बोललेलं. भाची म्हणाली, "मावशी, यातला मुलगा बोलायच्या आधी विचार करतो गं." मला वाटतं, पोरी याच्याचसाठी वाचतात.

त्यात ग्रेटना ग्रीन हे स्कॉटलंडच्या हद्दीवरचं गावही आलंच. १७५३ च्या कायद्यामुळे इंग्लंडमध्ये २१ वर्षांखाली पालकांच्या मर्जीविरुद्ध लग्न करणं अवघड झालं, म्हणून जोडपी घोडागाडीने स्कॉटलंडची हद्द गाठायची. तिथे दोन साक्षीदारांसमोर 'आम्ही नवराबायको' म्हटलं की झालं लग्न!

पण लग्न होताच मुलीच्या हातातला पैसा कायद्याने नवऱ्याचा व्हायचा. या पुस्तकात नायिका होकार देण्याआधी तेही विचारते. ते पान मी भाचीला मुद्दाम मोठ्याने वाचून दाखवलं.