तुम्ही विचारलंत म्हणून: एमएएफ काढला कशाला आणि परत लावला कशाला

प्रश्न ठरलेला असतो, विचारणारा तेवढा बदलतो. "टर्बो गाडी आहे, जरा मोठा टर्बो टाकतोय, एमएएफ ठेवू की स्पीड डेन्सिटीला जाऊ?" (एमएएफ म्हणजे इंजिनात जाणारी हवा मोजणारा सेन्सर, स्पीड डेन्सिटी म्हणजे तो न लावता दाब, तापमान आणि आरपीएमवरून हवेचा हिशोब करणं.) आणि मी तोंड उघडायच्या आत पुढचा टोमणा तयारच, "तुम्ही तर स्वतःच दोनदा पलटी मारलीत ना?" हो, मारली. आधी एमएएफ काढला, दीड वर्ष स्पीड डेन्सिटीवर गाडी चालवली, मग इंजिन उघडायची वेळ आली आणि परत एमएएफ लावला. आता एकदाच सगळं लिहून टाकतो, म्हणजे प्रत्येकाला नव्याने सांगत बसायला नको.

हॉट वायर कशी चालते, व्हीई टेबल म्हणजे काय, हे तुम्हाला माहीत आहे, नसतं तर हा प्रश्नच पडला नसता. ज्यांना माहीत नाही त्यांच्यापुरतं: एमएएफमधल्या तापलेल्या तारेवरून हवा जाते आणि मोजली जाते, ती हॉट वायर; कोणत्या दाबाला आणि आरपीएमला सिलिंडर हवेने किती भरतो याचा तक्ता म्हणजे व्हीई टेबल. बाकी सोडून देतो.

काढला त्याला कारण होतं, हौस नव्हती. बरं, थोडी हौस होती. २ लिटरचं इंजिन, १ बार बूस्ट (टर्बोने दिलेला वाढीव दाब), आणि ५६०० आरपीएमच्या पुढे सेन्सरचा व्होल्टेज ५ला टेकून बसायचा. त्यापुढे हवा कितीही येऊ दे, ईसीयूला, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरला, तेवढीच दिसणार. मग तोच सेन्सर मोठ्या व्यासाच्या पाइपात बसवून बघितला, वरची रेंज मिळाली पण आयडल गेलं, कारण मोठ्या पाइपात हवेचा वेग कमी आणि आयडलला सेन्सरला धड काही वाचताच येईना. त्यात फिल्टरनंतर लगेच पाइपाला वळण, तारेवर हवा सरळ येतच नव्हती. आणि ब्लो ऑफ व्हॉल्व्ह (पाय काढला की टर्बोची जास्तीची हवा सोडणारा) मी बाहेर उघडणारा लावलेला, म्हणजे मोजून झालेली हवा वाऱ्यावर सोडायची आणि पेट्रोल मात्र तिच्या हिशोबाने टाकायचं, गिअर बदलला की काळा धूर, आणि थांबायला गेलं की इंजिन बंद. (तो आवाज मला आवडायचा. खोटं कशाला बोलू.)

तेव्हा मी भेटेल त्याला सांगायचो की एमएएफ म्हणजे अडगळ, पाइपात अडकवलेलं बूच, मॅप सेन्सर (इनटेक मॅनिफोल्डमधला दाब मोजणारा) लावा आणि मोकळे व्हा. माझं ऐकून दोघातिघांनी काढलाही. त्यांच्या गाड्या अजून धडधाकट आहेत, हे मुद्दाम सांगतो.

आता ती गोष्ट, जी मी नेहमी अर्धीच सांगतो.

स्पीड डेन्सिटीवर गाडी छान चालायची. व्हीई टेबल मी स्वतः बसून केला होता, एकेक सेल, कित्येक संध्याकाळी गेल्या त्यात. एकच कटकट होती. गाडी गरम असताना बंद केली आणि दहा मिनिटांनी परत सुरू केली की मरगळल्यासारखी चालायची. कारण कळलं होतं, इनटेक टेम्परेचरचा सेन्सर प्लेनमच्या (सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या पेटीच्या) अ‍ॅल्युमिनियममध्ये घट्ट बसवलेला, तो हवेचं नाही तर धातूचं तापमान सांगत होता, आणि तापमान जास्त दिसलं की ईसीयू ठिणगीचं टायमिंग मागे घ्यायचा. यावर शहाण्या माणसाने काय करावं? सेन्सर हलवावा, इंटरकूलरनंतरच्या (टर्बोची गरम हवा थंड करणाऱ्या कूलरनंतरच्या) पाइपात न्यावा, उघड्या टोकाचा घ्यावा. मी काय केलं? टायमिंग मागे घेणारा तो टेबल सपाट केला. सगळे शून्य. गाडी परत तरतरीत. फार खूश होतो.

त्यानंतर काही आठवड्यांनी डाउनपाइप, म्हणजे टर्बोनंतरचा एक्झॉस्ट पाइप, बदलला, मोकळा टाकला. टर्बाइनच्या मागचा दाब कमी झाला की मॅपच्या त्याच दाबाला, त्याच आरपीएमला सिलिंडरमध्ये जास्त हवा भरते, म्हणजे व्हीई बदलतो, म्हणजे टेबल परत करायला हवा. हे मला माहीत नव्हतं असं नाही. लोकांना मीच सांगायचो. पण एक पुल घेतला (पाय पूर्ण दाबून एक धाव), वाइडबँडवर, म्हणजे एक्झॉस्टमधून हवा-पेट्रोलाचं प्रमाण सांगणाऱ्या सेन्सरवर, ११.५ऐवजी १२.१ दिसलं (आकडा मोठा म्हणजे पेट्रोल कमी), म्हटलं रविवारी करू.

रविवार उजाडायच्या आधी एकदा पेट्रोल भरायला थांबलो. उकाडा होता, दहाएक मिनिटं गेली. बाहेर पडलो, रस्ता रिकामा, दुसऱ्या मिनिटाला तिसऱ्या गिअरमध्ये पाय पूर्ण दाबला. लॉग चालू होता, तो अजून आहे माझ्याकडे, आणि सांगायला लाज वाटते इतक्या वेळा उघडलाय. सुरुवातीला इनटेक टेम्परेचर ६८. मॅप २०० किलोपास्कल. वाइडबँड १२.६, १२.९, मग १३.१. खरी हवा फार तर ४० डिग्री असेल. आता हिशोब करा, ६८ म्हणजे ३४१ केल्व्हिन, ४० म्हणजे ३१३, ईसीयूला हवा सुमारे ८ टक्के विरळ वाटली, तेवढं पेट्रोल त्याने कमी टाकलं. डाउनपाइपचे ५ टक्के वेगळे. दोन्ही एकाच दिशेला, लीन, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी. आणि टायमिंग मागे घेणारा एकमेव पहारेकरी मी आधीच घरी पाठवलेला.

आवाज मोठा झालाच नाही. मला वाटायचं पिस्टन जातो तेव्हा काहीतरी धडाम होत असेल. थोडी खरखर, डब्यात खडे हलवल्यासारखी, सेकंदभर, आणि मग ओढच गेली. पाय काढला. आयडलला गाडी लंगडत होती. बॉनेट उघडलं तर डिपस्टिक दोन बोटं वर आलेली, नळीतून धूर, आजूबाजूला तेलाचे शिंतोडे. तिसऱ्या सिलिंडरचा प्लग काढून पोर्सलिनवर उजेड टाकला तर बारीक बारीक चकचकीत ठिपके. ते अ‍ॅल्युमिनियम असतं, पिस्टनचं. पुढचं कॉम्प्रेशन टेस्टर लावायच्या आधीच कळलं होतं. हेड उतरवून पिस्टन बाहेर काढला तेव्हा पहिल्या दोन रिंगांच्या मधली पट्टी, रिंग लँड, एका बाजूने तुटलेली होती. नखाएवढा तुकडा. तो अजून ड्रॉवरमध्ये आहे, फेकवत नाही.

मग मी एमएएफ परत लावला, या वेळी जास्त रेंजचा, सरळ पाइपात, आणि ब्लो ऑफ व्हॉल्व्हची हवा परत इनटेकमध्ये सोडली. आवाज गेला, असो. आणि लोकांनी लगेच अर्थ काढला, बघा, स्पीड डेन्सिटीने इंजिन खाल्लं. अहो नाही! नाचता येईना अंगण वाकडं, तसलं झालं हे. टेबल मी शिळा ठेवला, सेन्सर मी चुकीच्या जागी ठेवला, लीन झाल्यावर बूस्ट तोडणारी सेटिंग ईसीयूत होती ती मीच चालू केली नव्हती.

पण थांबा, इथेही मी स्वतःला जरा जास्तच झोडपतोय. कारण डाउनपाइप बदलल्यावर एमएएफने ती जास्तीची हवा आपोआप मोजली असती. त्याला टेबल शिळा झाल्याचं सांगावं लागत नाही. तापलेल्या प्लेनमचाही पेट्रोलच्या हिशोबात संबंध आला नसता. म्हणजे माझ्यासारखा "रविवारी करू" म्हणणारा माणूस एमएएफवर वाचला असता. हा पद्धतीचा गुण म्हणायचा की माझा अवगुण, मला अजून ठरवता येत नाही.

आणि "एमएएफ मोजतो, स्पीड डेन्सिटी अंदाज करते" हे वाक्य मला पाठवू नका, ते मीही म्हणून झालंय. एमएएफ व्होल्ट देतो. त्या व्होल्टचे ग्रॅम करणारा टेबल कुणीतरी लिहिलेलाच असतो, आणि तो त्या पाइपात, त्या वळणाला खरा असतो. तेल लावलेला कापडी फिल्टर घाला, तारेवर तेल बसलं की तोच सेन्सर हवा कमी सांगायला लागतो. परत एमएएफवर आल्यानंतर दोन महिन्यांत इंटरकूलरचा एक क्लॅम्प ढिला झाला, बूस्टमध्ये मोजलेली हवा गळायला लागली आणि गाडी १० च्या खाली रिच (पेट्रोल जास्त), धूरच धूर. स्पीड डेन्सिटीला त्या गळतीचा पत्ताही लागला नसता, कारण मॅनिफोल्डमध्ये जेवढा दाब उरला तेवढ्याचाच तिचा हिशोब. मात्र रिच झाल्याने पिस्टन वाचतो, हेही खरं.

मोठ्या कंपन्यांचंही एकमत नव्हतं. मस्टँगच्या ५.० इंजिनावर फोर्डने १९८९ला स्पीड डेन्सिटी सोडून एमएएफ घेतला, आणि पुढच्याच वर्षी, १९९०ला, शेव्हरलेने कॉर्व्हेटवर एमएएफ काढून स्पीड डेन्सिटी आणली. १९९४ला कॉर्व्हेट परत एमएएफवर. तेव्हा मी दोनदा पलटी मारली म्हणून मला हसू नका.

तुम्हाला काय सांगू मग? मला नुसता एक लॉग पाठवून "काय करू" विचारता तेव्हा मी उंटावरून शेळ्या हाकतो, एवढं लक्षात ठेवा. पार्ट बदलत राहणार असाल आणि दर वेळी टेबलावर बसायचा कंटाळा असेल, तर सेन्सर टेकत नाही तोवर एमएएफ काढू नका. मोठे कॅम (व्हॉल्व्ह जास्त वेळ उघडे ठेवणारे) टाकणार असाल, आयडलला हवा मागे उसळून तारेवरून दोनदा जाणार असेल, किंवा टर्बोच्या तोंडाशी सरळ पाइपाला जागाच नसेल, तर स्पीड डेन्सिटी, पण तापमानाचा सेन्सर आधी नीट जागी बसवा, बाकी सगळं नंतर. याच्या मधे जे बसतात त्यांना मी काय सांगतो ते त्या आठवड्यात माझी गाडी कशी चालतेय त्यावर असतं.

सध्या ती एमएएफवरच चालतेय, पण मॅप सेन्सर तसाच आहे आणि व्हीई टेबलचा हिशोब मी लॉगमध्ये शेजारी नुसता बघायला ठेवलाय. संथ चालवताना दोघांत फरक ३ टक्क्यांच्या आत. ४८०० आरपीएमला पूर्ण बूस्टमध्ये मात्र ६ टक्के, एमएएफ हवा कमी सांगतो, व्हीई जास्त. वाइडबँड म्हणतो खरं उत्तर मधे कुठेतरी आहे. इंजेक्टरचा डेटा चुकीचा असेल तर दोन्ही टेबलांनी ती चूक आपापल्या पोटात घेतलेली असणार, म्हणून काल इंजेक्टर काढून फ्लो टेस्टला दिलेत. ते येईपर्यंत विचारू नका.