मेणाचा हात, श्रीखंडाचा डबा आणि पन्नास किलोमीटर

आधीच सांगते, मी काही फार धार्मिक बाई नाहीये. रविवारी चर्चला जाते, नाताळात करंज्या करते, लेंटमध्ये, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या उपासात, मटण सोडते आणि दुसऱ्याच आठवड्यात कुणाच्या तरी बर्थडेला हरते. विम्याचं काम असल्यामुळे मरण हा विषय रोजच टेबलावर असतो, डेथ क्लेमचा फॉर्म मी डोळे मिटून भरून देईन. पण ऑगस्टमध्ये पप्पा गेले आणि त्यांचाच फॉर्म भरायला बसले तर नातं या रकान्यात काय लिहायचं तेच सुचेना, पेन हातात धरून अर्धा तास बसून होते.

तर ही इगतपुरी ते नाशिकरोडची पायी वारी मुळात माझी नाहीच, मावशीची आहे. पप्पांना लकवा मारला, उजवा हात गेला, तेव्हा इगतपुरीच्या मावशीने नवस बोलला की दाजींचा हात चालायला लागला तर मी मेणाचा हात घेऊन चालत नाशिकरोडच्या चर्चमध्ये बाळ येशूला येईन. पप्पा शरणपूरच्या चर्चचे, पक्के प्रॉटेस्टंट, नवस हा शब्द ऐकला तरी हसायचे. आई माहेरची कॅथलिक. आमच्या घरात ही मारामारी कायमच गोडीगुलाबीत चाललेली, पप्पा आईला यात्रेला स्कूटरवर सोडायचे आणि स्वतः बाहेर भेळ खात थांबायचे. हात काही चालला नाही. दीड वर्षं उशीवर ठेवलेला तसाच राहिला आणि पप्पा गेले.

आणि जानेवारीत मावशीचा फोन, की फेब्रुवारीच्या दुसऱ्या शनिवारी यात्रा आहे, आम्ही बाराजण शुक्रवारी पहाटे निघतोय, तू येतेयस, आईचे गुडघे गेलेत तेव्हा तुझ्या घरातून तूच. मी म्हटलं, अगं पण नवस पुरा झालाच नाही ना, मग फेडायचा कशाला? तर म्हणाली, "ये तर खरी, मग सांगते."

आमच्या शेजारच्या काकू वारकरी. नुकतीच पौषवारी करून त्र्यंबकहून आल्या होत्या, निवृत्तिनाथांची. मी चालत जातेय ऐकून त्यांना इतका आनंद झाला की काय सांगू, लगेच कोकमतेलाची वडी आणून दिली, म्हणाल्या रात्री टाचांना लाव, मोजे दोन-दोन घाल आणि नवीन बूट अजिबात घालू नकोस गं बाई. मी नवीन बूट घातले. सेल होता.

गुरुवारी रात्री ट्रेनने इगतपुरी. पहाटे पाचला मावशीने श्रीखंडाचा रिकामा डबा माझ्या सॅकमध्ये घातला. आत कापसात मेणाचा हात, वांद्र्याला मोतमाऊलीच्या बाहेर स्टॉलवर मिळतात ना तसला, हात पाय डोळे बाळ घर सगळंच मिळतं तिथे मेणाचं. "उन्हात वितळेल, मधे टॉवेल गुंडाळ," म्हणाली. म्हणजे नवस तिचा, नेणार मी.

घोटीपर्यंत अंधार, थंडी आणि ट्रकचे हॉर्न. घोटीला मुंबईहून आलेली एक साईपालखी चहाला थांबलेली, ढोल, भगवे झेंडे. त्यातला एकजण आमच्या क्रॉसकडे बघून म्हणाला, "तुमची पालखी कुठाय?" आमचे रेल्वेतले रिटायर मामा म्हणाले, "हिच्या सॅकमधे." ते सिन्नरकडे वळले, आम्ही हायवेने सरळ.

मुंढेगावच्या पुढे भातशेतीचे नुसते खुंट राहिलेले. तिथे कधीतरी मी मावशीला परत विचारलं. ती जपमाळ ओढता ओढता म्हणाली, "अगं, बरा होणारच आहे ना हात. तारीख माहीत नाही एवढंच. म्हणून ॲडव्हान्समधे फेडतेय. तुमच्या विम्यात नाही का, हप्ता आधी अन पैसे मागून." आणि परत नमो मारिया सुरू. मला हसूही आलं आणि जरा रागही आला. कारण हे बोलायला सोपं आहे. पप्पा गेले तेव्हा मोबाईलवर तीनशे मेसेज आले असतील, सगळ्यांत आत्म्यास शांती लाभो. कुणी वाईट मनाने लिहीत नाही. पण आम्ही दर रविवारी उभं राहून जे म्हणतो त्यात आत्म्याचं नाहीच, स्पष्ट आहे, शरीराचे पुनरुत्थान, म्हणजे मेलेलं शरीरच परत उठणार. शरीराचे! लहानपणापासून घडाघडा म्हणतेय पण त्या दिवशी पेटीवर माती पडताना पहिल्यांदा ऐकलं मी ते. म्हणजे हे? हेच, जे आत ठेवलंय? त्या गेलेल्या हातासकट?

आणि बायबलमधला प्रेषित पौल पण काही आडपडदा ठेवत नाही. करिंथकरांना सरळ लिहितो की ख्रिस्त उठला नसेल तर आमचं सांगणं फुकट, तुमचा विश्वास फुकट, आणि मेलेले उठत नसतील तर मग चला खाऊ पिऊ, उद्या मरायचंच आहे. मला तो माणूस यासाठी आवडतो, पॉलिसीच्या अटी बारीक अक्षरात नाही लिहीत. पुढे तो दाण्याचं उदाहरण देतो, पेरलेला दाणा मेल्याशिवाय जिवंत होत नाही. हे मी गोंदेच्या चहाच्या टपरीवर मोठ्या रुबाबात सांगितलं तर मावशीचा मुलगा, आमचा दादा, ज्याची स्वतःची भाताची खाचरं आहेत, तो म्हणे ताई, मेलेला दाणा उगवत नसतो, कुजला की संपला, दाणा फुगतो अन फुटतो, जिवंत असतो आतून. आता पौलाला जाऊन कोण सांगणार. मामा म्हणाले, "फुटल्यावर दाणा दिसतो का तुला? नाही ना? मग तेच म्हणतोय तो." दादा गप्प बसला, पण पटलेलं नव्हतं, मलाही अर्धंच पटलं.

पायाला फोड वाडीवऱ्हेच्या आधीच आले. दोन डाव्या टाचेला, एक अंगठ्याला. काकूंची सारखी आठवण येत होती. ज्या घरी मुक्काम होता तिथल्या वहिनीने गरम पाण्यात मीठ टाकून पातेलं पुढ्यात ठेवलं, पिठलं-भाकरी दिली, आणि जेवणानंतर अंगणात मामांनी बायबलमधून, लूकच्या शुभवर्तमानातला अम्माऊसचा रस्ता वाचला. येशूला मारून तिसरा दिवस, त्याचे दोन शिष्य यरुशलेमहून अम्माऊस नावाच्या गावाला पायी निघालेत, साठ स्टेडिया म्हणजे अकराएक किलोमीटर. वाटेत एक अनोळखी माणूस बरोबर चालायला लागतो, विचारतो काय बोलताय रे, आणि ते तोंड पाडून उभे राहतात आणि सांगतात की इस्राएलाची मुक्ती करणारा तो हाच अशी आमची आशा होती.

होती.

मी हे कितीदा ऐकलंय पण तो होती मला कधी लागला नव्हता. पुनरुत्थान तर त्याच सकाळी झालेलं आहे, बायका थडगं रिकामं बघून आल्यात, त्यांना माहितीये हे, आणि तरी हे दोघं भूतकाळात बोलतायत, आणि तेही खुद्द त्याच्याच बरोबर चालत. ओळखत नाहीत. शास्त्र समजावून सांगतो तेव्हाही नाही. रात्री जेवायला बसल्यावर तो भाकर हातात घेऊन मोडतो तेव्हा ओळखतात. म्हणजे मला आपलं वाटतं हातांवरूनच ओळखलं असेल. बायबलमध्ये तसं लिहिलेलं नाही, पण त्या हातांत खिळ्यांच्या खुणा होत्या ना. थोमा या शंकेखोर शिष्याला दाखवल्या त्याच. मरणातून उठला, बंद दाराच्या आत येऊन उभा राहिला, सगळं नवीन, पण भोकं तशीच ठेवली.

रात्रभर टाचा ठणकत होत्या आणि माझ्या डोक्यात पप्पांची करंगळी. लहानपणी विहिरीच्या रहाटात सापडली होती त्यांची उजवी करंगळी, ती पहिल्या पेरापासून बाहेर वाकलेली, चहाचा कप धरला की ही एकटी लांब, साहेबासारखी. गर्दीत मी त्या करंगळीला धरून चालायचे, तिला बरोबर हूक होता. मावशीच्या हिशोबाने शेवटच्या दिवशी हात बरा होणार, लकवा जाणार, ठीक आहे, हवंच आहे ते. पण करंगळी? ती सरळ झाली तर मी ओळखू कशी?

दुसऱ्या दिवशी विल्होळीच्या पुढे पांडवलेणी दिसायला लागली आणि सगळ्यांना जरा बरं वाटलं, नाशिक आलं. मावशी प्रागच्या मूर्तीची गोष्ट सांगत होती, आपल्या बाळ येशूचं मूळ तिकडचं. लाकडी मूर्ती, वरून मेणाचा थर, 1628 मध्ये एका सरदार घराण्यातल्या बाईने कार्मेलाइट संन्याशांच्या मठाला दिली. 1631 ला सैन्याने मठ लुटला, मूर्ती कचऱ्यात फेकली, आणि 1637 ला एका फादरला ती वेदीच्या मागे सापडली तर दोन्ही हात तुटलेले. तो प्रार्थनेला बसला तर म्हणे बाळानेच सांगितलं की माझे हात मला परत दे. शेवटचा भाग पप्पांनी ऐकला असता तर भेळ खायला निघून गेले असते. पण हे मेणाच्या हाताचं खूळ मला तेव्हा पहिल्यांदा तितकं खुळं वाटलं नाही.

मग मी पप्पांची गोष्ट सांगितली. शरणपूर रोडवरून स्कूटर गेली की ते हमखास सांगायचे, अर्ध्या नाशिकला माहीत नाही म्हणून चिडून सांगायचे. चर्च मिशनरी सोसायटीने 1854 च्या सुमारास शरणपूर वसवलं आणि तिथे नंतर आफ्रिकेतली पोरं शिकायला होती, अरबांच्या गुलामांच्या जहाजांवरून इंग्रज आरमाराने सोडवलेली. त्यातला एक जेकब वेनराइट. हा पुढे आफ्रिकेत परत गेला आणि तिथे फिरणाऱ्या लिव्हिंगस्टन या मिशनरी संशोधकाच्या तुकडीत सामील झाला. 1873 च्या मे महिन्यात लिव्हिंगस्टन आताच्या झांबियात वारला, तेव्हा त्याचं हृदय तिथेच झाडाखाली पुरलं, दफनाची प्रार्थना या आपल्या नाशिकच्या शाळेतल्या पोराने वाचली आणि झाडावर नावही त्यानेच कोरलं. मग सुसी आणि चुमा हे त्याचे सोबती, हा जेकब आणि बाकीच्यांनी मिळून देह उन्हात वाळवला, कापडात आणि झाडाच्या सालीत गुंडाळला, आणि साधारण दीड हजार किलोमीटर चालत समुद्रापर्यंत आणला. वाटेतले लोक प्रेत नेऊ देईनात म्हणून मालाचं गाठोडं असल्याचं भासवलं. 18 एप्रिल 1874 ला लंडनमध्ये वेस्टमिन्स्टर ॲबीत दफन झालं तेव्हा पेटीला खांदा देणाऱ्यांत जेकब होता.

दादा म्हणाला, "एवढं कशाला वाहायचं? तिथंच पुरायचं ना सगळं."

पप्पांना मी हेच विचारलं होतं, दहा-बारा वर्षांची असताना. ते म्हणाले होते, ज्याला एकदा विकलेला असतो ना, त्याला देह काय असतो ते आपल्यापेक्षा जास्त कळतं. तेव्हा समजलं नव्हतं. बायबलमध्ये येतं ना, येशू पुष्कळांच्या मुक्तीसाठी आपला प्राण खंडणी म्हणून द्यायला आला, तो खंडणी शब्द मला नेहमी खटकायचा, आपल्याकडे पेपरात खंडणी आली की बरोबर गुंड येतो. पण ज्याची खरंच कधीतरी किंमत लावली गेली होती, त्या पोराने हा शब्द वाचला असेल तेव्हा त्याला तो शब्दकोशातून समजून घ्यावा लागला नसेल.

पाथर्डी फाट्याहून आत वळलो, वडनेर, विहितगाव, ऊन मी म्हणत होतं. मी चप्पल घातली, एक पाय चप्पल एक पाय बूट असं चालले तासभर, मामांनी फोटो काढलाय, तो कुठेही टाकायचा नाही असं ठरलंय. देवळालीगाव ओलांडून नाशिकरोडच्या बिटको चौकात आलो तर माणूसच माणूस, मुंबईच्या वसईच्या गाड्या, पुणे रोडवर ट्रॅफिक ठप्प, फुगे, मेणबत्त्या, नारळपाणी, स्पीकरवर एक मिस्सा, म्हणजे चर्चची उपासना, मराठीत संपतेय तर दुसरी कोकणीत सुरू. भेळवालाही होता. मी तिकडे बघायचं टाळलं.

रांगेत दोन तास. सॅकमधून डबा काढला, टॉवेल सोडला. हात मोडला नव्हता पण दिवसभराच्या उन्हाने कोमट झाला होता, जरा चिकट, जवळजवळ खऱ्यासारखा. पाच बोटं अगदी सरळ, कुणाचाही असू शकला असता. मावशी पुढे मान उंचावून रांग किती उरली ते बघत होती. मी करंगळी धरली आणि हळूच बाहेरच्या बाजूला वाकवली. तुटेल असं वाटलं, नाही तुटली.

मावशीने वळून बघितलं. "अगं मोडशील की!" म्हणाली. मग हात स्वतःकडे घेतला, डोळ्यांजवळ नेऊन बघितला, चष्मा नव्हता तिचा.

"अजून थोडी," ती म्हणाली, "दाजींची याहून जास्त होती," आणि पहिल्या पेराशी अंगठा दाबून तिने ती नीट वाकडी केली, तेवढ्यात मागच्यांनी ढकललं आणि रांग पुढे सरकली.