तो आवाज कुणाचा होता

सहा वर्षं झाली शिकागोत, पण जेवणाच्या टेबलावर मला कुणी झापलं नव्हतं. गेल्या महिन्यात झापलं. आमच्या ऑफिसात साठी उलटलेली एक कृष्णवर्णीय बाई आहे, मी तिला मनातल्या मनात मावशीच म्हणते, कारण स्वभाव अगदी माझ्या मिरजेच्या मावशीसारखा, डबा उघडला की आधी दुसऱ्याच्या डब्यात बघणार. तर कुणाच्या तरी फोनवर नव्वदीतलं ते 'एव्हरीबडी डान्स नाऊ' गाणं लागलं, ज्यात एक बाई सगळ्यांना नाचा म्हणून ओरडते, आपल्याकडे एकही गॅदरिंग त्याच्याशिवाय झालं नाही. मी आपली उत्साहात, "व्हिडिओतली ती बारीक मुलगी काय गाते ना!" मावशीने काटा खाली ठेवला. "ती नाही गायली. मार्था वॉश गायली."

मग अर्धा तास तेच. मार्था वॉश चर्चमध्ये गाऊन तयार झालेली, सिल्व्हेस्टर नावाच्या उघडपणे गे असलेल्या गायकाच्या मागे कोरस गायची. आवाज असा की छप्पर उडेल, पण बाई अंगाने भरलेली, म्हणून १९९० च्या त्या गाण्यात आवाज हिचा आणि व्हिडिओत ओठ दुसरीचे. ब्लॅक बॉक्स या इटालियन ग्रुपनेही तेच केलं, पुढे मॉडेल उभी केली. बाई कोर्टात गेली आणि १९९४ मध्ये तडजोड होऊन व्हिडिओवर तिचं नाव आलं.

आता मला उगाच आपली बाजू घ्यायची सवय आहे. म्हटलं, त्यात काय, आमच्याकडे प्लेबॅक म्हणजे कला आहे, हिरॉइनने गायलं तरच आम्हाला धक्का बसतो! पण बोलता बोलता आठवलं, १९४९ साली लताबाईंच्या 'महल'मधल्या त्या गाजलेल्या 'आएगा आनेवाला'च्या रेकॉर्डवर गायिका म्हणून सिनेमातल्या पात्राचं नाव छापलं होतं, कामिनी. लोकांनी रेडिओला विचारून विचारून खरं नाव बाहेर काढलं. हेही सांगितलं, जरा ऐटीतच, की बघा आम्ही चाळीस वर्षं आधीच. मावशी म्हणाली, "मग तुला तर माझ्याहून जास्त राग यायला पाहिजे."

पुढच्या रविवारी ती मला साउथ जेफरसन स्ट्रीटवर घेऊन गेली, २०६ नंबर. विटांची साधी जुनी इमारत, आपण मान वर न करता पुढे जाऊ अशी. इथे द वेअरहाऊस हा क्लब होता, त्या नावातलाच 'हाऊस' हा शब्द इथल्या नाचाच्या संगीताला चिकटला, हाऊस म्युझिक. १९७७ मध्ये न्यूयॉर्कहून फ्रँकी नकल्स हा डीजे इथे रेकॉर्ड्स लावायला आला. येणारे बहुतेक काळे आणि लॅटिनो गे पोरं. दारू नाही, ज्यूस, आणि शनिवारी रात्री सुरू झालेलं रविवारी दुपारपर्यंत. मावशीला तिचा थोरला भाऊ घेऊन जायचा. तो पुढे एड्समध्ये गेला, हे तिने एका वाक्यात सांगितलं आणि लगेच म्हणाली, चल कॉफी घेऊ.

कॉफी घेताना तिने इअरफोनचं एक टोक मला दिलं. खाली प्रत्येक मात्रेला ठोका, वर चर्चसारखा पियानो, आणि बाई एकच ओळ घेऊन ती चढवत नेते, चढवत नेते. लोलिएटा हॉलोवे, याच गावची, गॉस्पेलमधून आलेली. मी म्हटलं, अगं हा तर गजर आहे! आमचे बुवा एकादशीला असंच करतात. तिला काही ते पटलं नाही. मला अजूनही पटतंय. पण ज्या चर्चने या पोरांना दारात उभं केलं नसतं, त्याच चर्चचा आवाज घेऊन ती रात्रभर नाचत होती, हे मात्र मी गजराशी जोडू शकले नाही.

आणि बाहेर काय चाललं होतं? १२ जुलै १९७९, कोमिस्की पार्क हे इथलं बेसबॉलचं मैदान, डिस्कोच्या विरोधात कार्यक्रम: ९८ सेंट आणि एक डिस्को रेकॉर्ड द्या, आत या, मग मैदानात सगळ्या रेकॉर्ड्सचा स्फोट. पब्लिक एवढी घुसली की त्या दिवशीची दुसरी मॅचच होऊ शकली नाही. तिथे अशरचं, म्हणजे लोकांना जागा दाखवायचं काम करणारा व्हिन्स लॉरेन्स नावाचा काळा पोरगा सांगतो की त्यात डिस्को नसलेल्या, नुसत्या काळ्या कलाकारांच्याही रेकॉर्ड्स होत्या. हाच पोरगा पुढे हाऊसच्या अगदी पहिल्या रेकॉर्ड्समध्ये होता. म्हणून म्हणते, आम्हाला समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ वरून कुणी शिकवायला येऊ नये. इलिनॉयने तसला कायदा १९६२ मध्येच काढला, तरी बारवर धाडी पडतच होत्या. आपला २०१८ मध्ये गेला, उशिरा, पण गेला.

हे सगळं मी मावशीला ठणकावून सांगितलं. सांगितलं नाही ते माझ्या मामेभावाचं. गणपतीत मंडळासमोर तो असला नाचायचा की ढोलवाले थांबून बघायचे, आणि अख्खी गल्ली त्याला बायल्या म्हणायची. मी म्हणत नव्हते. हसायचे फक्त, अकरावीत होते, सगळेच हसायचे. तो बंगळुरूला गेला तो गणपतीला परत आलाच नाही.

त्याला त्या इमारतीचा फोटो पाठवला, खाली काही न लिहिता. त्याने लिहिलं, "ताई, वेअरहाऊस ना? आत जाता येतं का गं?"