आधी रामटेक, मग एव्हरेस्ट : नागपूरहून दोन दिवसांची पायपीट

दिवाळीच्या सुटीत ताईकडे सगळे जमलो होतो आणि रात्री टीव्हीवर ‘ऊंचाई’ लागला. वय झालेले तीन मित्र चौथ्याच्या अस्थी घेऊन एव्हरेस्टच्या बेस कॅम्पला चालत निघतात, ती गोष्ट. सिनेमा संपला तरी भाऊजी बराच वेळ खुर्चीतून उठले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी सातलाच त्यांचा फोन. “मी मे महिन्यात जाऊन राहिलो बेस कॅम्पला. तू येतेस का?”

भाऊजी ६२ वर्षांचे आहेत. रोज फुटाळा तलावाला फेरी मारतात, बीपीची गोळी घेतात, एका दिवसात सलग सात-आठ किलोमीटरच्या वर कधी चाललेले नाहीत. मी येते म्हटलं, पण अट घातली. आधी नागपुरातल्या झिरो माइलच्या खांबापासून रामटेकच्या गडापर्यंत चालत जायचं. सुमारे ५० किलोमीटर, दोन दिवस, आपलं सामान आपल्या पाठीवर.

अट घालायला कारण होतं. २०१३ मध्ये ‘ये जवानी है दीवानी’ आला. तो पाहून आमच्या ऑफिसातल्या सहा जणी पुढच्याच वर्षी हिमाचलात ट्रेकला गेलो, त्यात मीही होते. निघायच्या चार दिवस आधी बूट घेतले होते. दुसऱ्या दिवशी दोन्ही टाचा सोलल्या, तिसऱ्या दिवशी मला घोड्यावर बसवून खाली पाठवलं. सोबतच्या वर गेल्या आणि मी खालच्या गावात तीन दिवस खिडकीतून डोंगर बघत बसले. ती हळहळ अजून आहे. सिनेमाने मला घराबाहेर काढलं याबद्दल मी त्याची ऋणी आहे, पण बाहेर पडण्याच्या आधी जे करायचं असतं ते मी केलंच नव्हतं.

तर डिसेंबरमधल्या एका शनिवारी पहाटे सव्वापाचला आम्ही चौघं झिरो माइलच्या खांबापाशी उभे होतो. मी, ताई, भाऊजी आणि माझा १९ वर्षांचा भाचा. थंडी कडक होती. ताईने खांबाशेजारच्या दगडी घोड्यांना नमस्कार केला आणि निघालो.

दिवस निवडताना एकच गोष्ट पाहा : हा रस्ता नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंतचा आहे. मार्चनंतर विचारही करू नका. नागपूरचा उन्हाळा काय असतो ते नागपूरकरांना सांगायला नको, आणि कन्हानच्या पुढे डांबराच्या कडेला सावली फार थोडी आहे. डिसेंबरमध्येही अकरा ते तीन ऊन चांगलंच लागतं. टोपी घ्याच.

पहिला टप्पा सगळ्यात सोपा. एलआयसी चौकापासून ऑटोमोटिव्ह चौकापर्यंत कामठी रोडवर डोक्यावर दुमजली पूल आहे, खाली रस्ता, मधे उड्डाणपूल, वर मेट्रो. गड्डीगोदामला तर रेल्वेमार्गही याच गुंत्यात येतो. अंधारात त्या खांबांच्या रांगेतून चालताना एखाद्या लांबलचक मंडपातून जातोय असं वाटतं. ऑटोमोटिव्ह चौकात मेट्रो स्टेशन आहे. ज्यांना शहरातले पहिले सहा-सात किलोमीटर नको असतील त्यांनी मेट्रोने इथपर्यंत येऊन सुरुवात केली तरी चालेल. आम्ही मुद्दाम सगळं चाललो, कारण भाऊजींना आकडा पूर्ण हवा होता.

कामठीला पोचेपर्यंत साडेनऊ झाले. तर्री-पोहे खाल्ले. इथे एक सल्ला, जो मीच पाळला नाही : चालण्याच्या मधे तर्री कमी घ्या. पुढचे दोन तास घसा कोरडा पडत राहिला आणि पाणी अंदाजापेक्षा लवकर संपलं. त्यापेक्षा केळी, गूळ-शेंगदाणे, फुटाणे आणि संत्री उत्तम. आंबिया बहाराची संत्री या दिवसांत रस्त्याच्या कडेला मिळतात.

कन्हान नदीवर पोचलो तेव्हा भाच्याने बॅग खाली टाकली. “मावशी, खांदे गेले बाप्पा.” उघडून पाहिलं तर साडेनऊ किलो सामान! दोन जीन्स, पॉवर बँक दोन, कॅमेऱ्याचा स्टँड. त्याला अमेरिकेतल्या त्या बाईची गोष्ट सांगितली, जिच्यावर ‘वाइल्ड’ सिनेमा निघाला. ती बाई, शेरिल स्ट्रेड, १९९५ साली पॅसिफिक क्रेस्ट ट्रेल या वाटेवर १,७०० किलोमीटरहून जास्त एकटी चालली. अख्खी वाट मेक्सिकोच्या सीमेपासून कॅनडापर्यंत साधारण ४,२६५ किलोमीटरची आहे. पहिल्या दिवशी तिची बॅग इतकी जड होती की तिला ती घेऊन उभंही राहता येईना.

मला या सिनेमाबद्दल मनापासून काही सांगायचंय. तो २०१४ च्या डिसेंबरात आला आणि त्यानंतर त्या वाटेवर इतके लोक लोटले की पुढच्या पाच वर्षांत लांब पल्ल्याच्या परवान्यांची संख्या दुपटीच्या वर गेली. सीमेपाशी एका दिवशी जास्तीत जास्त ५० जणांनाच सुरुवात करू देतात. गर्दीला केवळ तो सिनेमा कारण नसेल, त्याआधीचं पुस्तकही होतं. पण सिनेमाची सुरुवात कशाने होते पाहा : बाई डोंगराच्या कड्यावर बसून स्वतःच्या पायाचं सुटत आलेलं नख उपटते, आणि तिचा बूट घरंगळत दरीत जातो. पहिल्याच दृश्यात दिग्दर्शकाने पाय दाखवलेत. बूट लहान पडले होते, हे सांगितलंय. मी तो तीनदा पाहिला आणि घरी येऊन बोलले ते बर्फाबद्दल, जंगलाबद्दल, तिच्या एकटेपणाबद्दल. सिनेमे आपल्याला फसवतात असं मला वाटत नाही. नखाच्या जागी आपणच नजर फिरवून घेतो.

मुक्काम कन्हानला आमच्या नात्यातल्या घरी केला. साधारण २० किलोमीटर झाले होते. तुमचं कुणी नसेल तर दुसरा मार्ग सोपा आहे : कन्हानहून बसने घरी परत या, आपल्या पलंगावर झोपा आणि पहाटे पुन्हा तिथूनच सुरुवात करा. यात कमीपणा काही नाही. पायांना एवढंच कळतं की काल चाललो आणि आज पुन्हा चालायचंय. दुसऱ्या दिवसाची सकाळ हीच खरी परीक्षा असते आणि रोजची फेरी मारून ती कधीच देता येत नाही.

संध्याकाळी सगळ्यांचे पाय तपासले. ताईच्या डाव्या करंगळीशी लालसर चट्टा होता. फोड यायच्या आधीचा असा चट्टा गरम लागतो, चुरचुरतो. तो जाणवला की त्याच क्षणी थांबायचं, पुढच्या चहाच्या टपरीपर्यंत नाही. मोजा काढायचा, पाय कोरडा करायचा, त्या जागी कापडी चिकटपट्टी सुरकुती न पडू देता लावायची. ताईने हे दिवसभर सांगितलं नव्हतं. “तुम्ही सगळे थांबले असते ना माझ्यासाठी,” म्हणाली. गटाने चालताना हेच सगळ्यात जास्त नडतं, म्हणून निघतानाच ठरवून टाका की दर तासाला पाच मिनिटं सगळ्यांनी बूट काढायचेच. मग कुणाला कुणासाठी थांबवल्यासारखं वाटत नाही.

दुसऱ्या दिवशी पाचला निघालो. आता हा राष्ट्रीय महामार्ग ४४ आहे आणि इथलं चालणं सुखाचं नाही, हे स्पष्ट सांगते. टेकाडीच्या बाजूला कोळशाच्या खाणी आहेत, ट्रक सतत धावतात, धूळ काळी असते. रस्त्याच्या उजव्या कडेने, समोरून येणाऱ्या गाड्या दिसतील असं, एकामागे एक चाला. डांबराच्या पांढऱ्या पट्टीच्या बाहेरच राहा. अंधारात चमकणारं जॅकेट आणि डोक्याला लावायची बॅटरी हवीच. तोंडाला मास्क बांधा. कानात गाणी घालू नका, हे भाच्याला दोनदा सांगावं लागलं. बायकांसाठी सांगते : वाटेत पेट्रोल पंप आहेत, तिथलं स्वच्छतागृह विचारून वापरलं, कुणी अडवलं नाही.

आमडी फाट्याला चहा झाला तेव्हा भाऊजी गप्प होते. अंगठा ठणकत होता. बूट चांगल्या कंपनीचे होते, महाग होते, पण मापाला अगदी चपखल. दिवसभर चाललं की पाय सुजून थोडा मोठा होतो, म्हणून बूट संध्याकाळी जाऊन, जाड मोजा घालून घ्यायचे, पुढे अंगठ्याभर जागा ठेवायची. नखं निघायच्या दोन-तीन दिवस आधी सरळ कापायची. मोजे निव्वळ सुती नकोत, ते घामाने ओले झाले की तसेच राहतात. भाऊजींनी पुढचे दहा किलोमीटर बॅगेतल्या सँडलवर काढले आणि त्यांचं बरं चाललं. सुटी सँडलची जोडी म्हणजे सामानातला सगळ्यात कामाचा अर्धा किलो.

मनसरला साडेबाराच्या सुमारास पोचलो. इथे उत्खननात वाकाटकांच्या काळातले विटांचे अवशेष सापडले आहेत, टेकडीवर जाऊन बघण्यासारखे. आमच्यात तेवढी ताकद नव्हती. इथून उजवीकडे रामटेकचा रस्ता फुटतो आणि महामार्ग सुटतो. कानांना मिळालेली ती विश्रांती मी विसरणार नाही. एक इशारा : उत्साहाच्या भरात मनसरहून सरळ उत्तरेला देवलापारकडे चालत जायचा बेत करू नका. तो पेंचच्या जंगलाचा पट्टा आहे. प्राण्यांना ये-जा करता यावी म्हणून महामार्गच तिथे खांबांवर उचललाय.

गडावर साडेचारला पोचलो. पायऱ्यांना पाऊण तास लागला, एरवी पंधरा-वीस मिनिटांचं काम. राममंदिरात दर्शन घेतलं, वराहाची ती प्रचंड मूर्ती पाहिली आणि कठड्याशी बसलो. खाली अंबाळा तलाव, लांब खिंडसीचं पाणी.

ताई मराठीची शिक्षिका होती. ती म्हणाली, अरे, आपण तर मोठ्या प्रवासाच्या सुरुवातीला बसलोय. रामगिरी म्हणजे हेच रामटेक असं अनेक विद्वान मानतात, म्हणजे मेघदूतातला मेघ इथून निघाला आणि हिमालयात कैलासाजवळच्या अलकेला गेला. तिने सांगितलेली एक गोष्ट मला फार आवडली. यक्ष मेघाला निरोप नंतर सांगतो, आधी वाट सांगतो. थकलास की डोंगरमाथ्यावर पाय टेकवून थांब, क्षीण झालास की झऱ्यांचं हलकं पाणी पी, मग पुढे जा. दीड हजार वर्षांपूर्वीच्या कवीला माहीत होतं की लांब जाणाऱ्याला प्रथम विसाव्याच्या आणि पाण्याच्या जागा सांगाव्या लागतात. भाचा हे मन लावून ऐकत होता. त्याने मोबाइलमध्ये काहीतरी लिहूनही घेतलं.

आता बेस कॅम्पबद्दल, कारण हे वाचणाऱ्यांपैकी काहींच्या मनात तेच असणार. रामटेकने पाय, बूट, बॅग आणि सोबत तपासून होते. उंची तपासून होत नाही. नागपूर समुद्रसपाटीपासून ३१० मीटरच्या आसपास आहे, जिथून चालायला सुरुवात होते ते लुक्ला सुमारे २,८६० आणि बेस कॅम्प ५,३६४ मीटरवर. सिनेमात एका गाण्यात चार मुक्काम होतात. प्रत्यक्षात ३,००० मीटरच्या वर झोपण्याची जागा एका दिवसात ५०० मीटरपेक्षा जास्त चढवू नये, आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस विसाव्याचा ठेवावा. डोकं दुखतंय, मळमळतंय तर त्या दिवशी वर जायचं नाही, वाढलं तर खाली यायचं. कमी दिवसांत आणि म्हणून स्वस्तात नेणारी सहल दिसली तर गाळलेले दिवस कुठले ते आधी विचारा. बहुधा विसाव्याचेच असतात. साठीच्या पुढच्यांनी हृदयाची तपासणी करून घ्या, बीपीची गोळी चालू असेल तर उंचीवरच्या औषधाबद्दल डॉक्टरांशी बोला, आणि हेलिकॉप्टरने खाली आणण्याचा खर्च देणारा विमा काढा. चढाचा सराव नागपुरात सेमिनरी हिल्सवर होतो. तिथली चढण छोटी आहे, पण पाठीवर सहा किलो घेऊन दहा वेळा चढलं की मांड्यांना कळतं.

परतताना रामटेकहून बस घेतली. शेवटच्या गाडीची वेळ गडावर चढण्याआधीच स्टँडवर विचारून ठेवा, दर्शन आणि सूर्यास्तात वेळ कसा जातो कळत नाही. त्रिपुरी पौर्णिमेच्या आसपास जाणार असाल तर यात्रेची गर्दी धरूनच चला.

बसमध्ये भाऊजींनी मोजा काढून अंगठा दाखवला. नख काळं पडलं होतं. मला वाटलं आता मेचं रद्द होणार. ते म्हणाले, “मे नाही. ऑक्टोबर. आणि मधे महाशिवरात्रीला चौरागड करू.” पचमढीजवळचं चौरागड म्हणजे वर महादेवापर्यंत हजाराच्या वर पायऱ्या, आणि आमच्या आजी नऊवारीत, हरबोला म्हणत, अनवाणी तिथे जाऊन आलेल्या. त्यांनी कुठला सिनेमा पाहिला नव्हता. ताईने लगेच विचारलं, नवे बूट कधी घ्यायचे. मी म्हटलं उद्याच, संध्याकाळी, जाड मोजा घेऊन या.