तुम्ही विचारलंत म्हणून: अजून वर्षाचे गहू का भरता?

एप्रिल सरत आला की हा प्रश्न येतोच. गच्चीवर चादरी धुऊन वाळत घातल्या की शेजारचे विचारतात, पुण्याहून सून फोनवर विचारते, हिच्या माहेरचे तर दरवर्षी नव्याने विचारतात. "दोघंच आहात घरात. चांगलं पीठ दहा मिनिटांत दारात येतं. आणि त्या वर्षी एवढं झालं होतं. तरी अजून वर्षाचे गहू भरता?"

'त्या वर्षी' म्हणताना आवाज खाली येतो. आजवर मी "सवय आहे हो" म्हणून वेळ मारून नेली. आता नीट सांगतो.

पैशाचं आधी सांगून टाकतो. बचत होत नाही. होते असं मी कित्येक वर्षं छातीठोक सांगत होतो, ते चूक होतं. मंडीतला भाव, हम्माली, लोडिंग रिक्षा, गव्हाला चोळायचं एरंडेल, दळणाचे पैसे, निवडताना जाणारा किलो-दोन किलो कचरा, हे सगळं धरलं की दोन माणसांच्या घरात हाती काही उरत नाही. सहा माणसांच्या घरात उरायचं. तेव्हा पैशासाठी करतो असं मी म्हणत असेन, तर ते यापुढे मनावर घेऊ नका.

किती भरतो, तेही लोकांना भलतंच वाटतं. आमच्याकडे एका पोळीला साधारण 30 ग्रॅम कणीक लागते. दोघांच्या मिळून दिवसाला दहा पोळ्या, म्हणजे 300 ग्रॅम. महिन्याचे 9 किलो, वर्षाचे 108. पाहुणे आणि दिवाळी धरून 120 किलो पुरतात: 100 किलो लोकवन, 20 किलो कठिया (कडक दाण्याचा गहू). कठिया रव्याला, लाडवाला आणि बाफल्यांना, म्हणजे उकडून भाजलेल्या कणकेच्या गोळ्यांना. त्याची पोळी आम्हाला वातड लागते. शरबती उत्तम, पण महाग, आणि रोजच्या पोळीत तेवढा फरक माझ्या जिभेला कळत नाही. लोकवन या नावाचा रानावनाशी संबंध नाही. भावनगर जिल्ह्यातल्या सणोसऱ्याच्या लोकभारती संस्थेत तयार झालेलं हे 'लोक-1' वाण. त्यातल्या आकड्याचं इंग्रजी 'वन' नावाला चिकटून राहिलं. कठियाची वाणं मात्र इथलीच. भारतीय कृषी अनुसंधान संस्थेचं गव्हाचं केंद्र इंदुरात 1951 पासून आहे. एचआय 8663 'पोषण', एचआय 8759 'पूसा तेजस' ही त्याच केंद्राची, नि एचआयमधला 'आय' इंदूरचा.

नवा गहू मार्चमध्ये मंडीत येतो तेव्हा मी घेत नाही. ताज्या मळणीच्या दाण्यात ओल असते. अक्षय्यतृतीया उलटली की इंदूरच्या छावणीत किंवा मल्हारगंजात, धान्याच्या बाजारात जातो. दाणा दाढेखाली धरून फोडायचा. कट्‌ असा आवाज झाला आणि दोन तुकडे पडले तर वाळलेला. चेपला गेला तर पुढच्या दुकानात. मूठभर गहू तोंडाजवळ नेऊन त्यांवर वाफ सोडायची आणि लगेच हुंगायचं. कोंदट वास असेल तर तो तेव्हाच वर येतो. टोकं काळी पडलेले दाणे मुठीत चार-पाचाहून जास्त दिसले तर घेऊ नयेत. आणि 50 किलोचा कट्टा घेऊ नये. दुकानदाराकडून 20-20 किलोच्या पिशव्या भरून घ्याव्या. साठी उलटलेल्या कमरेने 50 किलोला हात लावायचाच नसतो, 'नुसता सरकवतो' म्हणूनसुद्धा नाही.

आता त्या वर्षाचं.

निवृत्तीनंतरचा माझा पहिला पावसाळा. तोवर घरचे गहू आई बघायची, आई गेल्यावर ही. माझं काम पोतं आणून टाकण्यापुरतं. नोकरी संपली तसं मी म्हटलं, आता हे खातं माझं. आणि मला वाटलं, या बायका उगाच फार वेळ घालवतात.

दोघंच होतो, तरी जुन्या सवयीने अडीच क्विंटल आणले. दोन दिवसांऐवजी एकच दिवस ऊन दिलं. संध्याकाळी पाच वाजता, गहू हाताला चटका देत असतानाच, पत्र्याच्या कोठीत ओतले आणि झाकण लावलं. गरम धान्य बंद कोठीत घातलं की रात्री पत्रा थंड होतो आणि आतल्या वाफेचं पाणी वरच्या थराला धरतं. हे मला माहीत नव्हतं. मला वाटत होतं गरम भरले की किडे मरतात. कोठीच्या खालच्या तोटीच्या सांध्यात मागच्या वर्षीचा भुसा तसाच होता, आणि किडीचं बी तिथंच असतं. एरंडेल लावलं नाही, कारण हात चिकट होतात. ही म्हणाली होती, "अहो, निदान तोटी तरी घासा." मी घासली नाही.

जुलैच्या शेवटी दळणाला वास आला. कोपरापर्यंत हात घातला तर गहू आतून कोमट. कोमट लागले की समजावं, आत सोंडे, म्हणजे दाणे पोखरणारे किडे, वाढताहेत. मादी दाण्याला भोक पाडून आत अंडं घालते आणि भोक बुजवते, म्हणून वरून महिनाभर काही दिसत नाही. दिसतात तेव्हा पुढची पिढी बाहेर पडलेली असते. अशा वेळी गहू काढून, चाळून, ऊन येईल तेव्हा ऊन द्यायचं. पण आठ दिवस झड लागली होती, आणि मला ते त्याच दिवशी मिटवायचं होतं.

एका दुकानातून मी धान्यात ठेवायच्या तीन गोळ्या आणल्या. वर्तमानपत्राच्या तुकड्यात बांधलेल्या, सुट्या. ना वेष्टन, ना सूचना. "टाका आणि झाकण लावा," एवढंच सांगणं. त्या अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या होत्या. त्यांचा वापर तज्ज्ञांच्या देखरेखीखालीच व्हावा असा नियम आहे, आणि 10 नि 20 गोळ्यांच्या नळ्या 2001 सालीच बंद झाल्या आहेत. मला यातलं काही ठाऊक नव्हतं. दुकानदारावर ढकलायचा मोह आजही होतो. पण मी विचारलं नाही, हेही तितकंच खरं.

गोळ्या फडक्यात बांधून मी कोठीच्या मध्यावर खोचल्या. कोठी मागच्या खोलीत होती. गुडघ्यामुळे हिला उंच खाट लागते, ती खाट त्याच खोलीत. पावसाची झड आत येते म्हणून रात्री खिडकी मीच लावली.

या गोळीला हवेतली ओल लागली की फॉस्फिन वायू सुटतो. 3 ग्रॅमच्या एका गोळीतून 1 ग्रॅम. कामाच्या जागी माणसाला दिवसभरात चालेल अशी याची मर्यादा हवेच्या दहा लाख भागांत 0.3 भाग इतकी कमी आहे. गोदामात या गोळ्या वापरतात तेव्हा पोत्यांच्या थप्पीवर जाड आच्छादन घालून कडा बंद करतात आणि माणसांना आत जाऊ देत नाहीत. माझ्या कोठीचं झाकण नुसतं वर बसणारं, तोटी सैल, आणि बाहेर धो धो पाऊस.

दहाच्या सुमारास ही म्हणाली, "लसणासारखा वास येतोय हो." मी म्हटलं, ओटा पुसला गेला नसेल. दोन वाजता डोकं धरून उठली. मग उलट्या. छाती दाटल्यासारखी वाटते म्हणाली. मी पित्ताची गोळी दिली आणि अंगावर आणखी एक पांघरूण घालून तिला परत त्याच खाटेवर निजवलं. साडेचारला तिला उभं राहवेना, तेव्हा शेजाऱ्यांच्या गाडीतून दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, "घरात काही फवारलंय का? काही औषध टाकलंय?" मी म्हणालो, "नाही." खोटं बोललो नव्हतो. गव्हातली गोळी ही औषधात मोडते, हे माझ्या डोक्यातच नव्हतं. तासाभराने शेजारच्या काकू हिचे कपडे घेऊन आल्या आणि खोकत म्हणाल्या, "मागच्या खोलीत कसला वास आहे?" तेव्हा मला आठवलं.

तो एक तास माझ्या नावावर आहे. या वायूवर उतारा नाही. ऑक्सिजन देत, हृदयावर लक्ष ठेवत, शरीर सावरेपर्यंत थांबायचं, एवढंच करता येतं. त्यामुळे तासाभराने फार बिघडलं नाही, असं डॉक्टर नंतर म्हणाले. मला ते पटवून घेता आलेलं नाही. चार दिवसांनी ही घरी आली.

फडक्याची गाठ सुटून करडी भुकटी गव्हात मिसळली होती. पेस्ट कंट्रोलवाल्याला बोलावून कोठी बाहेर काढली, आणि ओळखीच्या शेतकऱ्याच्या पडीक बांधावर खोल खड्ड्यात सगळे गहू पुरले. उरलेले दोन क्विंटल तरी असतील. दवाखान्यातून हिने दोनदा विचारलं होतं, "टाकलेत ना सगळे? कुणाला दिले नाहीत ना?"

म्हणजे विचारणाऱ्यांचं बरोबर आहे. सोडून द्यायला हवं होतं. दोन वर्षं सोडलंही. पाकिटाचं पीठ आणलं, आणि त्याने आम्हाला काही झालं नाही, हे सांगायलाच हवं. पोळ्या बऱ्या व्हायच्या. हिच्या आणि माझ्या साखरेच्या आकड्यांतही फरक पडला नाही. घरच्या गव्हाने साखर आटोक्यात राहते असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. गहू तो गहूच. फरक पडतो तो पोळ्या मोजण्याने आणि रात्री एक पोळी कमी करून उसळ वाढवण्याने.

तिसऱ्या वर्षी मे महिन्यात ही आपण होऊन म्हणाली, "आणायचे का गहू?" मी का म्हणून विचारलं नाही.

आता असं करतो. एक कोठी नाही. 20 किलोचे, घट्ट झाकणाचे सहा डबे. कीड लागलीच तर एका डब्यात राहते. डबे धुऊन दिवसभर उन्हात, झाकणाची खाच दातांच्या जुन्या ब्रशने घासून. गहू चाळायचे, निवडायचे. गच्चीवर चादरीवर दोन बोटं जाडीचा थर, दहा ते चार ऊन, तासातासाला हात फिरवायचा. असे दोन दिवस. रात्री घरात आणून पातळ कापडाखाली गार होऊ द्यायचे आणि सकाळी लवकर एरंडेल: 10 किलोला 50 मिलिलिटर, दाण्याला चमक येईल इतपत चोळून. डबा काठोकाठ भरायचा, मोकळी जागा ठेवायची नाही. घट्ट डब्यात हवा थोडी असली की चुकून राहिलेली कीडही गुदमरते. कडुनिंबाचा पाला सावलीत वाळवून घालतो, पण त्याच्यावर विसंबत नाही. पाऱ्याच्या टिकड्या कुणी फुकट दिल्या तरी घालत नाही. डबे व्हरांड्यात, लाकडी फळीवर, भिंतीपासून वीतभर लांब. झोपायच्या खोलीत धान्य नाही.

जूनपासून ऑक्टोबरपर्यंत दर 1 आणि 15 तारखेला तपासणी. प्रत्येक डब्यातून अर्धा किलो काढून पांढऱ्या कापडावर उन्हात दहा मिनिटं पसरायचे. सोंडे असतील तर ऊन लागताच चालू लागतात. डबा क्रमांक, तारीख, काय दिसलं, हे वहीत. एखादा किडा दिसला तर तो डबा आधी दळायला काढायचा. डाळी-रव्याला तर सोपं आहे: दोन-तीन किलो असेल तर आठवडाभर फ्रीझरमध्ये.

दळण एका वेळी 5 किलो, पावसाळ्यात 3. गव्हाच्या अंकुरात तेल असतं, त्यामुळे महिन्याच्या वर कणीक खवट होऊ लागते. चक्कीवरून आलेली कणीक गरम असते. डब्याचं झाकण तासभर उघडं ठेवून गार झाल्याशिवाय लावायचं नाही, नाहीतर गुठळ्या होतात. डबा चाकाच्या पिशवीत घालून चालत नेतो. तेवढंच फिरणं.

लोक म्हणतात, याऐवजी काही छंद धरा. 'सानंद' या इथल्या मराठी संस्थेच्या नाटकांना आम्ही जातो, रविवारी गाण्याच्या बैठकीलाही. पण छंद विचाराल तर हाच आहे, आणि तो छंद म्हणून सांगायला मला संकोच नाही. जे एकदा हिच्या जिवावर बेतलं, तेच काम हिच्या डोळ्यांदेखत नीट करून दाखवायचं, असंही माझ्या मनात असतं. ते पुरेसं कारण आहे का? काही वर्षी वाटतं, हो. काही वर्षी गच्चीच्या जिन्यात दम लागतो तेव्हा वाटतं, हा माझा हट्ट आहे आणि ती तो सोसते आहे.

ती लसणाची फोडणी घालते तेव्हा अजूनही आधी खिडकी उघडते. आणि 1 तारखेला तपासणीचं पहिलं झाकण मला उघडू देत नाही. स्वतः उघडते, वाकून वास घेते, मग म्हणते, "या, घाला हात."