फोटो नसलेला पंचनामा

मालवण तालुक्यातल्या तोंडवळीहून तळाशीलकडे जाताना जमीन चिंचोळी होत जाते. एका हाताला सुरूचं बन आणि त्यापलीकडे अरबी समुद्र, दुसऱ्या हाताला कालावलची खाडी. टोकाशी गड नदीचं पाणी समुद्राला मिळतं, पलीकडे सर्जेकोटच्या होड्या दिसतात. पावसाळ्यात समुद्र या गावाची जमीन खातो, म्हणून मुंबईहून आलेल्या चाकरमान्याचा पहिला प्रश्न असतो, "औंदा किती गेला?" सी वर्ल्ड या पर्यटन प्रकल्पाला याच पट्ट्यातल्या गावांनी विरोध केला होता. तो का, हे इथे एकदा चाललं की कळतं.

जानेवारीत मी तिथे पंचनाम्याला गेलो. जाळ्यात अडकलेला संरक्षित प्राणी सोडवताना जाळं कापावं लागलं, तर मच्छीमाराला पंचवीस हजार रुपयांपर्यंत भरपाई मिळते. ऑलिव्ह रिडले कासव त्यात येतं. कागदांत सुटकेचा फोटो लागतो.

ज्यांचं जाळं कापलं गेलं होतं त्या मच्छीमार काकांनी अंगणात कांडाळी, म्हणजे मासेमारीचं जाळं, पसरली होती. मधोमध भगदाड, माणूस आरपार जाईल एवढं. मी टेप लावली, मापं लिहिली आणि फोटो मागितला.

"फोटो खंयचो? तां गुदमारत होता. एका हातात कासाव, एका हातात कोयतो. मोबाईल काय दातात धरू?"

बरोबरच होतं. कासव फुप्फुसांनी श्वास घेतं. पाण्याखाली जाळ्यात फार वेळ राहिलं तर बुडून मरतं. पण फॉर्म तयार करणाऱ्याने होडी हलताना कधी पाहिली नसावी. मी दोन साक्षीदारांच्या सह्या घेतल्या, फोटोच्या रकान्यात 'उपलब्ध नाही' लिहिलं. काकी म्हणाल्या, "पैशे नाय गावाक तरी चलात, पण चाय घेवन जावा." चहा झाला, वर भाकरी आणि बांगड्याचं तिखलंही झालं. तोवर काका सुई घेऊन जाळं शिवायला बसलेसुद्धा.

प्रस्ताव अपेक्षेप्रमाणे परत आला. मी पुन्हा पाठवला, तो अजून टेबलावर आहे. काकांनी त्याबद्दल एकदाही विचारलं नाही.

फेब्रुवारीत त्यांचाच पहाटे फोन आला. वाळूवर कासव चढल्याच्या खुणा होत्या, कुत्री फिरत होती. पोहोचलो तेव्हा घरट्याभोवती काठ्या रोवून झाल्या होत्या. अंडी फुटायला पंचेचाळीस ते साठ दिवस; जाळीचं कुंपण घालून राखण ठरवली. मग काकांनी मोबाईल पुढे केला. या खेपेला खुणांचे फोटो काढले होते, प्रत्येकात अर्धं बोट आलेलं.

"ह्ये चलतले मां?"

घरट्याला फोटोची सक्ती नसते, हे मी सांगितलं नाही. सगळे मागवून घेतले.